पडद्यावरची जोडी, घरातली जोडी : सोलापूरकर हमखास विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न आले कुठून?

माझ्याकडे आईच्या माहेरची एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात थिएटरच्या दारात विकली जायची ती गाण्यांची छोटी पुस्तकं आहेत, मासिकांतून कापलेली पानं आहेत, दिवाळी अंकांतले नट-नट्यांचे फोटो आहेत आणि कॅसेटची कव्हरं आहेत. वडील गिरणीत होते. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहायचो. चाळीत रेडिओ एक आणि ऐकणारी घरं दहा, असे ते दिवस होते.

ट्रंक उघडली की पाहुणे, शेजारीण, पुतण्याचे मित्र सगळे फिरून फिरून तेच विचारतात. ती दोघं खरंच नवरा-बायको होती का? सिनेमा आधी की लग्न आधी? तोंडी सांगता सांगता तारखा इकडच्या तिकडे व्हायला लागल्या, म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं.

सोलापूरची म्हणता येईल अशी सिनेमातली प्रेमकहाणी कोणती?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि गुओ चिंगलान यांची. बाकी सगळ्या जोड्या आपण पडद्यावर पाहिल्या. ही आधी जगली आणि मग पडद्यावर गेली.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापुरातला. मुंबईत वैद्यकीचं शिक्षण झालं. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे तिकडेच राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथेच सेवा करताना १९३९ मध्ये वारले होते. पुढे त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी कोटणीसांवर आली. गुओ चिंगलान तिथे परिचारिका होत्या. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघं पहिल्यांदा भेटली. हा परदेशी डॉक्टर आपली भाषा बोलतो, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं होतं.

१९४१ मध्ये लग्न झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस गेले. वय अवघं बत्तीस. बाळ चार महिन्यांचंही नव्हतं.

शाळेत कोटणीस आम्हाला निबंधापुरते भेटले. ‘थोर सुपुत्र’ लिहायचं, दहापैकी सात गुण घ्यायचे, संपलं. लग्नाचा भाग बाईंनी एका वाक्यात उरकला होता. पुढे मोठेपणी भय्या चौकातल्या त्यांच्या घरी केलेलं स्मारक पाहायला गेले आणि तिथे त्या दोघांच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिले. आपल्या गावचा मुलगा आणि चीनमधली एक मुलगी, दोघांच्या अंगावर सैन्याचे जाडेभरडे कपडे. निबंधात हा फोटो असता तर मी वेगळं लिहिलं असतं.

यिनहुआ वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. गुओ चिंगलान मात्र २०१२ पर्यंत होत्या. त्या भारतात येऊन कोटणीस कुटुंबीयांना भेटत राहिल्या, शेवटपर्यंत नातं धरून राहिल्या.

कोटणीसांवरच्या सिनेमातली नायिका आणि दिग्दर्शक नवरा-बायको होते, हे खरं का?

खरं आहे. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा सिनेमा १९४६ चा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं आणि कोटणीसांची भूमिकाही त्यांचीच. चिनी नायिका झाल्या जयश्रीबाई. शांताराम आणि जयश्री यांचं लग्न झालं १९४१ मध्ये, म्हणजे खरे कोटणीस आणि खऱ्या चिंगलान चीनमध्ये ज्या वर्षी विवाहबद्ध झाले त्याच वर्षी. ट्रंकेतले दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा हे माझ्या लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

शांतारामांच्या घराची कहाणी सरळ नाही. पहिल्या पत्नी विमलाबाई, मग जयश्री. पुढे १९५६ मध्ये जयश्रींशी फारकत आणि संध्या यांच्याशी लग्न. ‘पिंजरा’तली संध्या सगळ्यांना आठवते. चाळीतल्या बायका या विषयावर दोन गटांत बसायच्या आणि माझी आई ठामपणे विमलाबाईंच्या बाजूची होती. कलावंताचं काम मोठं असतं म्हणून घरातल्या बाईचं दुःख लहान होत नाही, असं ती म्हणायची. मला आजही तिचं पटतं, आणि ‘दो आँखें बारह हाथ’ पाहताना डोळेही भरून येतात.

‘अशी ही बनवाबनवी’मध्ये खऱ्या जोड्या किती?

तीन. पण यातली गंमत नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथेच चुकतात.

सिनेमा १९८८ चा. पडद्यावर जोड्या चार आहेत. अशोक सराफ आणि अश्विनी भावे, सचिन आणि सुप्रिया, लक्ष्मीकांत बेर्डे आणि प्रिया अरुण, सिद्धार्थ रे आणि निवेदिता जोशी.

यांपैकी सचिन-सुप्रिया तेव्हा खरोखरच नवरा-बायको होते. सुप्रियांचा पहिला सिनेमा ‘नवरी मिळे नवऱ्याला’ १९८४ मध्ये आला, दिग्दर्शक सचिनच होते, आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, लग्न. दोघांचा वाढदिवसही एकाच दिवशी येतो, १७ ऑगस्टला. वयात अंतर बरोबर दहा वर्षांचं.

लक्ष्मीकांत आणि प्रिया यांचं लग्न नंतर झालं. लक्ष्मीकांत यांच्या पहिल्या पत्नी रुही बेर्डे याही अभिनेत्री होत्या. त्या १९९८ मध्ये गेल्या. त्यांचं नाव लोक विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

तिसरी जोडी अशोक सराफ आणि निवेदिता. पण त्या सिनेमात ती दोघं एकमेकांची नाहीत! धनंजय मानेची गोष्ट जुळते ती माधुरी मॅडमशी, म्हणजे अश्विनी भावेंशी. निवेदिता आहेत सिद्धार्थ रेच्या वाट्याला. यावरून आमच्या घरी शेंगाचटणीच्या पाकिटांची पैज लागली होती आणि माझे मेहुणे हरले. त्यांनी सिनेमा निदान तीस वेळा पाहिलेला आहे. डोक्यात घरातली जोडी इतकी घट्ट बसली की पडद्यावरची पुसली गेली.

सिद्धार्थ रेबद्दल दोन शब्द जास्त. हा देखणा मुलगा व्ही. शांताराम यांचा नातू, त्यांच्या मुलीचा मुलगा. कोटणीसांचा सिनेमा काढणाऱ्या आजोबांचा हा नातू आपल्या सगळ्यांना शंतनू म्हणून माहीत झाला. त्यानं लग्न केलं अभिनेत्री शांतिप्रियाशी. शांतिप्रिया म्हणजे तेलुगू सिनेमातल्या भानुप्रियाची बहीण. भानुप्रिया म्हटलं की आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत वेगळं सांगावं लागत नाही. ‘मराठी हिरो आपला जावई झाला’ असं शेजारच्या अक्कांनी जाहीरच करून टाकलं होतं. २००४ च्या मार्चमध्ये सिद्धार्थ गेला आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला लक्ष्या गेला. चौघांच्या त्या बिऱ्हाडातले दोघं एकाच वर्षात. तेव्हापासून हा सिनेमा टीव्हीवर लागला की शेवटची पाच मिनिटं मी पाहत नाही. सगळे एकत्र उभे राहून हसत असतात, ते सोसत नाही.

अशोक सराफ आणि निवेदिता यांचं लग्न कुठे झालं?

गोव्यात मंगेशीच्या देवळात, १९९० साली. वयात बरंच अंतर आहे, जवळपास अठरा वर्षांचं. तेव्हा ‘टिकेल का’ म्हणणारे होते. टिकलं. मामांना पद्मश्री जाहीर झाली ते २०२५ साल, आणि इतक्या वर्षांनंतरही दोघं शेजारी बसलेली दिसली की आपल्याच घरातलं कुणी बसलंय असं वाटतं.

रमेश देव आणि सीमा देव यांच्याबद्दल तुम्ही एवढं का बोलता?

कारण माझ्या आईला ही जोडी देवघरातल्या जोडीइतकी प्रिय होती.

सीमाताईंचं माहेरचं नाव नलिनी सराफ. रमेश देव कोल्हापूरचे. मराठी सिनेमात एकत्र कामं करता करता जुळलं आणि १ जुलै १९६३ रोजी लग्न झालं. आठ वर्षांनी, १९७१ मध्ये, ‘आनंद’ आला. त्यात डॉ. प्रकाश कुलकर्णी आणि त्यांची बायको सुमन हे दोघं म्हणजे रमेश आणि सीमा. भोवती राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन असूनही या नवरा-बायकोचं घर नजरेत भरतं. खोटं काही करावंच लागलं नसेल. जेवायला वाढताना बायको नवऱ्याकडे जशी बघते, तसंच सीमाताई तिथे बघतात.

आईच्या एका पुस्तकात या दोघांचा कापलेला फोटो घडी घालून ठेवलेला आहे. घडीवर कागद फाटायला आलाय, पण आईनं रेघ नेमकी दोघांच्या मधून जाऊ दिली नाही, जरा डावीकडे सरकवली. तिनं हे जाणून केलं होतं, मला ठाऊक आहे. घडी कुठे पडावी याचा विचार करणारी बाई होती ती.

रमेशजी २ फेब्रुवारी २०२२ रोजी गेले, ९३ पूर्ण करून तीनच दिवसांनी. सीमाताईंना शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला होता. त्या २४ ऑगस्ट २०२३ रोजी गेल्या.

‘रामायण’ मालिकेतले दशरथ आणि कौसल्या खऱ्या आयुष्यातही पती-पत्नी होते का?

होय. बाळ धुरी आणि जयश्री गडकर. त्यांचं लग्न १९७५ चं, मालिका सुरू झाली २५ जानेवारी १९८७ ला. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नसे. जयश्रीबाई म्हणजे मोठ्या माणसांसाठी ‘सांगत्ये ऐका’ची नायिका. १९५९ चा तो सिनेमा पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला होता. त्याच बाईंना कौसल्या म्हणून पाहताना आजीनं आधी तोंड वाकडं केलं आणि रामाच्या वनवासाच्या वेळी पदर डोळ्याला लावला.

पूर्व भागात तेलुगू सिनेमांची एवढी ओढ का? आणि महेश बाबूला लोक ‘जावई’ का म्हणतात?

पद्मशाली विणकर तेलंगणातून सोलापुरात आले, हातमाग-यंत्रमागाबरोबर आपली भाषाही घेऊन आले. त्यामुळे आपल्याकडे तेलुगू सिनेमे लागणं ही नवलाई नाही, फार जुनी रीत आहे. चिरंजीवीच्या पोस्टरला हार घातलेले मी लहानपणी पाहिलेत. आमच्या चाळीत एका भिंतीला मराठी आणि दुसऱ्या भिंतीला तेलुगू, आणि पोरं दोन्हीकडची गाणी अर्थ न कळता म्हणायची.

महेश बाबूची बायको नम्रता शिरोडकर आपली मराठी मुलगी, १९९३ ची मिस इंडिया. ‘वंशी’ हा तेलुगू सिनेमा दोघांनी केला, तो २००० मध्ये आला. १० फेब्रुवारी २००५ ला लग्न. आता त्यातला मराठी धागा बघा. नम्रताची आजी मीनाक्षी शिरोडकर. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त पोहण्याचा पोशाख घालून गाणं म्हणणारी नायिका ती हीच. आचार्य अत्र्यांची कथा, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन. त्या काळात केवढा गहजब झाला असेल! त्या धीट आजीची नात तेलुगू घरात सून झाली, ही गोष्ट माझ्या मते फक्त सोलापुरातच दोन्ही बाजूंनी कळते.

भाग्यश्रीनं सिनेमा का सोडला?

लग्न केलं म्हणून. सांगलीच्या पटवर्धन राजघराण्यातली ही मुलगी. ‘मैंने प्यार किया’ १९८९ च्या डिसेंबरअखेर आला आणि पाठोपाठ हिमालय दासानी यांच्याशी तिचा संसार सुरू झाला. पुढे नवऱ्याबरोबरच थोडे सिनेमे केले, पण ती लाट ओसरली होती. आमच्या कॉलेजच्या मुली हळहळल्या. मी नाही हळहळले. मनासारखा माणूस मिळाला आणि तिनं निवड केली, त्यात रडण्यासारखं काय? कबुतराची चिठ्ठी मात्र त्या वर्षी प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर होती.

अमिताभ-जया आणि राजेश खन्ना-डिंपल, लग्न आधी कुणाचं?

दोन्ही लग्नं १९७३ ची, म्हणून गोंधळ होतो. आधी राजेश-डिंपल, मार्चमध्ये. मग ३ जूनला अमिताभ-जया.

आता सिनेमांचा क्रम लावू. ११ मे ला ‘जंजीर’ आला आणि अमिताभचं नशीब फिरलं. यश साजरं करायला मित्रमंडळी लंडनला निघाली होती. जयाला बरोबर न्यायचं तर आधी लग्न कर, असं वडिलांनी बजावलं, ही हकीकत अमिताभनं स्वतः सांगितली आहे. जुलैअखेर दोघांचा ‘अभिमान’ आला. त्यात बायको नवऱ्यापेक्षा मोठी गायिका ठरते आणि घर मोडायला येतं. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोवर लोकांनी त्यांना पडद्यावर असं तुटताना पाहिलं. आणि २८ सप्टेंबरला ‘बॉबी’. डिंपलचा पहिला सिनेमा, पण तो येईपर्यंत ती सहा महिन्यांची लग्न झालेली बाई होती.

डिंपलचं वय तेव्हा सोळाही पूर्ण नव्हतं. राजेश खन्ना तिशीत. तेव्हा सगळ्यांना ही परीकथा वाटली, मासिकांनी पानंच्या पानं रंगवली. माझ्या ट्रंकेतही आहेत ती. आज ती पानं उलटताना फोटोतल्या त्या पोरीकडे बघून मला माझी भाची दिसते, आणि मी पान मिटते.

नर्गिस राज कपूरची की सुनील दत्तची?

हा प्रश्न असाच विचारतात, म्हणून असाच लिहिला. नर्गिस नर्गिसची.

‘आवारा’ १९५१, ‘श्री ४२०’ १९५५. पावसात एका छत्रीखाली उभी असलेली ती दोघं आजही कॅलेंडरवर असतात. मग ‘मदर इंडिया’च्या चित्रीकरणात आग भडकली आणि नर्गिसला बाहेर काढायला सुनील दत्त आत शिरले. ११ मार्च १९५८ ला दोघांनी लग्न केलं. पडद्यावर ती त्यांची आई होती, हे लक्षात घ्या. ३ मे १९८१ रोजी नर्गिस गेल्या आणि पाचच दिवसांनी मुलाचा, संजयचा, पहिला सिनेमा लागला. आईसाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती म्हणतात. ते नसतं ऐकलं तरी चाललं असतं, इतकं ते लागतं मनाला.

एम. एफ. हुसेन पंढरपूरचे, मग माधुरीचं वेड हे आपल्या जिल्ह्याचं म्हणायचं का?

म्हणा की! १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला हा चित्रकार मुंबईत सिनेमाची भली मोठी पोस्टरं रंगवून पोट भरायचा. उतारवयात ‘हम आपके हैं कौन’ पाहून माधुरी दीक्षितच्या प्रेमात पडला. सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला, तिची चित्रं काढली आणि २००० मध्ये तिलाच घेऊन ‘गजगामिनी’ केला. तोवर १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये माधुरी डॉ. श्रीराम नेने यांच्याशी लग्न करून अमेरिकेला निघाली होती. हुसेनांचं प्रेम रंगवणाऱ्याचं प्रेम होतं. पोस्टर रंगवणाऱ्या माणसाला चेहऱ्याचं मोल कळतं.

लता मंगेशकर सोलापुरात पहिल्यांदा गायल्या, हे खरं का?

दीदींनी स्वतः २०२१ मध्ये ही आठवण सांगितली होती. वडील मास्टर दीनानाथ यांच्याबरोबर शास्त्रीय गाण्याची पहिली मैफल त्यांनी सोलापुरात केली, ९ सप्टेंबर १९३८ रोजी. नऊ पूर्ण व्हायला अजून एकोणीस दिवस होते. जाहिरातीसाठी काढलेला त्यांचा लहानपणचा फोटोही त्यांनी दाखवला होता. या उत्तरात प्रेमकहाणी नाही, पण ही गोष्ट विचारल्याशिवाय एकही सोलापूरकर माझ्या घरातून उठत नाही.

रेडिओवर फर्माईश पाठवून कुणाला निरोप देता यायचा का?

यायचा! आणि दिले जायचे.

‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली, बुधवारी रात्री, अमीन सयानींच्या आवाजात. विविध भारती १९५७ च्या ऑक्टोबरची. फर्माईशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी नावं वाचायचे, गावासकट. पोस्टकार्डावर आपलं नाव लिहायचं आणि खाली बाकीच्या मित्रांच्या नावांत एक नाव गुपचूप घालायचं. दोन्ही नावं एका दमात देशभर ऐकू जायची आणि घरात कुणाला पत्ता लागायचा नाही.

दुपारी आमच्या ओट्यावर अक्का आणि तिच्या दोन जावा विड्या वळायला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, एका कोपऱ्यात तंबाखू, करंगळीला दोऱ्याचं टोक. पान चिमटीत, तंबाखूची चिमूट, एक वळसा, टोक दुमडून दोऱ्याचे दोन फेरे, की विडी तयार. डोळे सुपाकडे नसायचेच. रेडिओत नावं वाचायला सुरुवात झाली की मात्र तिघींचे हात थांबायचे. दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या असताना हात थांबणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी विड्या वळल्या गेल्या त्यांनाच कळेल. गाणं सुरू झालं की धाकटी ओरडायची, “पाट वच्चिंदि!” गाणं आलं! आणि हात पुन्हा चालू. धाकटीचं लग्न ज्याच्याशी झालं त्याचं नाव मी त्याआधी कितीतरी वेळा रेडिओवर ऐकलं होतं.

गड्ड्यातले ते चंद्रावर बसून काढलेले फोटो कुठल्या काळातले?

माझ्या आई-वडिलांच्या काळापासून माझ्या लग्नापर्यंत मी ते पाहिलेत. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. तिथे होम मैदानावर पाळण्यांच्या रांगेपलीकडे फोटोवाल्यांचे तंबू असायचे. पुठ्ठ्याची चंद्रकोर, रंगवलेली बाग, पुठ्ठ्याचीच मोटरसायकल. नवं जोडपं जरा अंतर ठेवून बसायचं आणि फोटोवाला म्हणायचा, “सरका की जरा, सिनेमातल्यासारखं!” सरकायला गाववाल्यांसमोर लाज वाटायची. त्या सरकण्यात जेवढं सरकलं तेवढंच त्या काळातल्या बहुतेक जोडप्यांचं चारचौघांतलं प्रेम.

आणि गड्डा म्हणजे मुळात लग्नाचीच जत्रा, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं. ते योगी. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. त्याची आठवण म्हणून संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्याजवळ मंगलाष्टकासारखी संमती वाचली जाते आणि पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक अक्षता टाकतात. तिला तो माणूस मिळाला नाही, त्याचा दंड मिळाला, आणि गाव दरवर्षी तिच्या बाजूनं उभं राहतं. कुठल्याही सिनेमापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

आर्ची आणि परश्या खरंच एकत्र आहेत का?

आर्ची म्हणजे रिंकू राजगुरू अकलूजची, आणि ‘सैराट’ आला तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. एवढ्यावर हा प्रश्न थांबवावा. ‘सैराट’ आपल्याच जिल्ह्यातला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे आणि चित्रीकरणही त्याच परिसरातलं. त्यातलं शिवार, विहीर, ऊस सगळं ओळखीचं, म्हणून शेवटची ती पावलं जास्त लागली.

एक तारीख मात्र लक्षात ठेवा. ‘कयामत से कयामत तक’ लागला २९ एप्रिल १९८८ ला आणि ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला. तारीख तीच, मधे अठ्ठावीस वर्षं, आणि दोन्हींत पळून गेलेली पोरं जगत नाहीत. पहिल्याच्या वेळी मी मैत्रिणींबरोबर रडले होते. दुसऱ्याच्या वेळी शेजारी माझी मुलगी बसली होती आणि मला रडायच्या ऐवजी भीती वाटली.

अमक्या नटाचं तमक्या नटीशी ‘होतं’ का?

यावर मी बोलत नाही. ज्यांनी लग्न केलं, किंवा स्वतः उघड सांगितलं-लिहिलं, त्यांच्याबद्दल हवं तेवढं विचारा. कांचन घाणेकरांनी डॉ. काशिनाथ घाणेकरांबरोबरच्या आयुष्यावर ‘नाथ हा माझा’ लिहिलं. विवाहित, वयानं कितीतरी मोठा, रंगमंचावर देव आणि घरात वादळ असा माणूस, सुलोचनादीदींसारखी आई समोर, आणि तरी ही मुलगी त्याच्यासाठी थांबली. सगळं तिनं आपल्या हातानं लिहिलंय. त्यापुढे कुजबुजीची किंमत शून्य. ज्या बाई आज हयात नाहीत आणि ज्यांनी तोंड उघडलं नाही, त्यांच्या नावावर मी काही जोडणार नाही, आणि माझ्या ओट्यावर जोडू देणार नाही.

माझ्याकडेही आजीची अशी मासिकं, फोटो, कॅसेट आहेत. जपायची कशी?

पहिलं म्हणजे पोटमाळ्यावरून खाली आणा. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली कागद पापडासारखा होतो. खोलीतलं कोरडं, सावलीतलं कपाट चांगलं. भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतूनच येते.

मासिकाच्या मधल्या पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. पिना हलक्या हातानं काढून जाड सुती दोऱ्यानं टाका घाला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. लॅमिनेशन तर नकोच. एकदा केलं की परत फिरता येत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात फोटो गुंडाळू नका, पिवळेपणा लागतो. साधा पांढरा कागद पुरे.

कॅसेट उभ्या ठेवा, एका बाजूला पूर्ण गुंडाळून. स्पीकरजवळ किंवा चुंबकाजवळ नको. लावण्याआधी पेन्सिल घालून हातानं जरा ताण द्या, सैल फीत मशीनमध्ये अडकते आणि मग काही उरत नाही.

उसनं देताना विचार करा. रमेश-सीमांचं मुखपृष्ठ असलेला माझा एक अंक ओळखीच्या एकांनी ‘दोन दिवसांसाठी’ नेला. अंक परत आला, मुखपृष्ठ नाही आलं. आता मी फोटो काढून देते, कागद देत नाही.

आणि फोटो हाती लागला की त्याच दिवशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. कोण, कुठे, कुठल्या वर्षी, गड्ड्यातला असेल तर त्या वर्षी कुठला सिनेमा लागला होता, हे विचारून मागच्या बाजूला कोपऱ्यात लिहून ठेवा. पेनानं नको, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीनं, दाब न देता.